स्थापनेची सभा

आमच्या मंडळाची पहिली सभा अजून संपलेली नाही. एक्कावन्न वर्षांपूर्वी दसऱ्याला सकाळी साडेनऊ वाजता ती सुरू झाली, आणि मुख्य इमारतीच्या पोटात जी लांब खोली आहे तिथे ती चालू आहे. आत अकरा संस्थापक बसले आहेत. त्यांच्याशिवाय माझे वडील आहेत. ते शिपाई, पाण्याची घागर घेऊन आत गेले होते.

मुख्य इमारत असे मी सवयीने म्हणते. तेव्हा इमारत कसली, माळावर ही एकच खोली होती आणि पूर्वी तिच्यात गुळाच्या ढेपी ठेवत. सभा सुरू झाली तसे दाराखालच्या फटीतून ठरावांचे कागद बाहेर येऊ लागले. ठराव क्रमांक तीन, मंडळाने शाळा काढावी. सूचक अमुक, अनुमोदक तमुक, सर्वानुमते मंजूर. कागद बाहेर आला की तासाभरात खोलीच्या डाव्या अंगाला सात वर्ग उभे राहिलेले असत, बाकांसकट, कधी मुलांसकट. ठराव नऊने वसतिगृह आले. ठराव सव्विसाने मुलींची शाळा आली आणि तिच्यासोबत चिंचेचे एक मोठे झाड आले, ते कुणी सुचवले होते ते कागदावर नव्हते. एक्केचाळिसाव्या ठरावात लिहिणारा घाईत असावा, त्याने ग्रंथालय लिहिले पण जिना लिहायचा राहिला. आमच्या ग्रंथालयाच्या वरच्या मजल्यावरची पुस्तके आजवर कुणी वाचलेली नाहीत. ती फार चांगली आहेत असे सगळे म्हणतात.

वडील आत गेले तेव्हा मी सहा वर्षांची होते. आई दसऱ्याच्या स्वयंपाकात होती म्हणून त्यांनी मला बरोबर आणले होते. माझ्या दोन वेण्यांना त्यांनी फायलीची लाल फीत बांधली होती, रिबिनीसारखी, कारण त्यांच्याजवळ तेवढेच असे. "रतन, पायरीवर बस. आत्ता आलो," म्हणाले. मी बसले. दुपारी आई शोधत आली आणि मला उचलून घरी घेऊन गेली. तिने त्यांचे ताट वाढून झाकून ठेवले. पुढे बत्तीस वर्षे, म्हणजे ती गेली तोवर, ती रोज ताट झाकत होती आणि मी रोज तिच्यावर चिडत होते. आता ती नाही आणि ताट झाकावेसे मला वाटते.

मंडळाने मला नोकरी दिली. वडील कामावर असताना मुलीला नोकरी देण्याचा नियम नव्हता, पण वडील कामावरून घरी येत नसतील तर काय, यालाही नियम नव्हता. मी आस्थापना शाखेत बसते. इंग्रजीत तिला एस्टॅब्लिशमेंट म्हणतात. साहेब लोकांच्या इंग्रजी पत्रांत हा एकच शब्द चार ठिकाणी राबतो. संस्था उभी करणे म्हणजे तो, उभी राहिलेली संस्था म्हणजे तो, तिथल्या नोकरांची यादी म्हणजे तो, आणि वर्षानुवर्षे खुर्च्या धरून बसलेली चार घराणी म्हणजेही तोच. माझ्याकडे तिसरा अर्थ आहे. एकशे चौऱ्याऐंशी माणसांची सेवापुस्तके माझ्या कपाटात आहेत, आणि त्यात सर्वांत खालचे, सर्वांत जुने वडिलांचे आहे.

खोलीला उत्तरेकडून ताटाएवढा एक झरोका आहे. रोज चार वाजता मी त्यातून चहाचा ट्रे आत सरकवते आणि वडिलांचे हात तो घेतात. हातच दिसतात. आतला आवाज बाहेर येतो, पण बाहेरचा आत जात नाही. मंडळाच्या कारभाराची ती पहिल्यापासूनची रीत आहे. तरी मी बोलत असे. मॅट्रिक झाले ते सांगितले, मला स्थळ आले ते सांगितले, ते मोडले ते सांगितले. आई गेली त्या दिवशी ट्रे घेताना त्यांची बोटे माझ्या बोटांवर नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ थांबली. कदाचित ट्रे जड असेल. त्यांचे हात एकोणतीस वर्षांच्या माणसाचे आहेत, उजव्या मनगटावर तीळ आहे. माझे हात आता त्यांच्या आईचे शोभतील. मला त्यांची फार आठवण येते, हे रोज त्यांचे हात बघूनही.

या महिन्याच्या एकतीस तारखेला मी अठ्ठावन्न पुरी करून निवृत्त होणार आहे. नंतर झरोक्याशी कोण उभे राहील हे कुठल्याच कागदावर लिहिलेले नाही.

अठरा वर्षांपूर्वी दाराखालून शेवटचा कागद आला. ठराव क्रमांक दोनशे तेरा, आता आभार मानून सभा संपवण्यात यावी. तेव्हा सगळ्यांनी चपला घालून दाराशी गर्दी केली. हारतुरे आणले. मी तर वडिलांचा सदरा इस्त्री करून आणला होता. संध्याकाळपर्यंत दार उघडले नाही. मग जो तो आपापल्या कामाला लागला. आभार लांबतात, हे आमच्या भागात कुणाला नवीन नाही.

या महिन्याच्या पहिल्या सोमवारी मंडळाचे कार्यवाह रणजित मोकाशी यांनी मला बोलावले. पहिले अध्यक्ष भाऊसाहेब मोकाशी यांचे ते नातू. आजोबा आत असल्यामुळे त्यांनी आजोबांना पाहिलेले नाही, पण आजोबांच्या खुर्चीवर बसतात. गुरुवारी मोठी तपासणी समिती येणार होती आणि तिला मंडळाची स्थापना झाल्याचा पुरावा हवा होता, म्हणजे स्थापनेच्या सभेचे कायम झालेले इतिवृत्त.

"बाई, सभा संपवा," ते म्हणाले.

मी म्हटले, आभार चालू आहेत.

"अठरा वर्षं?"

त्यांनीच मार्ग काढला होता. गुरुवारी समितीसमोर ते दुसरी सभा बोलावणार होते. दुसऱ्या सभेचे पहिले काम नेहमीचे, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. वाचले, कुणी हरकत घेतली नाही, की कायम. आणि एकदा कायम झाले की त्यात लिहिले आहे तसेच ते घडलेले असते, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे. आत काय चालू आहे याला मग अर्थ उरत नाही. इतिवृत्त त्यांनी संगणकावर तयारही केले होते. ते त्यांनी मला तपासायला दिले. उपस्थिती, अकरा. खाली अकरा नावे.

मी म्हटले, बारा होते.

"शिपाई उपस्थितीत धरत नाहीत, बाई. हे तुम्हाला मी सांगायचं?"

त्यांचा सूर वाईट नव्हता. आणि बोलणे खरे होते. तीस वर्षे मंडळाच्या पोटसमित्यांची इतिवृत्ते मीच लिहिली. पाण्याचे पेले भरणारा, पंखा लावणारा, खुर्च्या मांडणारा माणूस प्रत्येक बैठकीला खोलीत असे, आणि मी एकदाही त्याचे नाव घातले नाही. माझे वडील याच कामात अडकून पडलेले असताना मी ते केले. तसे लिहायचे असते असे मला वाटे. त्यामुळे मोकाशींवर धड रागावताही येईना.

त्याच दिवशी चार वाजता ट्रे घेणाऱ्या हाताच्या मनगटावर तीळ नव्हता. मी शाखेत येऊन वडिलांचे सेवापुस्तक काढले. पहिल्या पानावर ओळखचिन्हाच्या रकान्यात उजव्या मनगटावर तीळ असे लिहिलेले होते, तिथे कागद कोरा होता. खरवडल्याची खूण नव्हती. शाईच कधी लागली नव्हती इतका तो स्वच्छ होता.

मंगळवारी सेवापुस्तकातला डाव्या अंगठ्याचा ठसा गेला. चार वाजता ट्रे आत ओढताना कलंडला, एक कप फरशीवर फुटला. त्या हाताला चार बोटे होती आणि जिथे अंगठा असतो तिथे त्वचा सपाट होती. दुखत नसावे, कारण हात थरथरला नाही. मी बाहेर पडलेले कपाचे तुकडे गोळा केले. मग शाखेत जाऊन अंगठ्याच्या जागी पेनने 'ठसा होता' असे लिहिले. अक्षरे डोळ्यांदेखत विरली. सेवापुस्तकातली दुरुस्ती वरिष्ठांनी साक्षांकित केल्याशिवाय टिकत नाही, हे मी दुसऱ्यांना शंभरदा सांगितले असेल. पुस्तक घेऊन मी मोकाशींकडे गेले. त्यांनी कोरा रकाना पाहिला आणि म्हणाले की नसलेल्या नोंदीवर सही कशी करणार. गुरुवारनंतर हे पुस्तक आपोआप कोरे होईल, मग ते दुसऱ्या कुणासाठी वापरता येईल, तेवढीच कागदाची बचत.

घरी जाऊन मी उंची, जन्मतारीख, वर्ण, सगळे वहीत उतरवून ठेवले. वहीतले टिकले. पण वही काही सरकारमान्य नमुन्यात नव्हती.

बुधवारी सकाळी दहाला मी खोलीच्या दाराला कान लावला. दाराशी उभे राहायला कर्मचाऱ्यांना मनाई आहे. हारतुऱ्यांच्या त्या गर्दीनंतर ते परिपत्रक निघाले; ते मीच टंकलिखित केले होते, माझीच आद्याक्षरे खाली आहेत. अठरा वर्षांत मी ते एकदाही मोडले नव्हते, याचे आता हसू येते.

आत चाफळकर वकील आभार मानत होते. अकरा संस्थापकांत बोलण्याचे काम त्यांच्याकडे. त्यांचा आवाज गोड होता आणि त्यांना कुणालाही विसरायचे नव्हते. जागा देणाऱ्यांचे आभार झाले. जागा देण्यास ज्यांनी हरकत घेतली नाही त्या भावांचे झाले. पत्रके छापणारा, मुहूर्त काढणारा, आपट्याची पाने आणणारा, माळावर गुरे न चारल्याबद्दल गुराखी, पाऊस न आल्याबद्दल पाऊस. तीन तास मी उभी होते. एकच्या सुमारास ते शेवटाकडे आले. "आणि सकाळपासून आपल्या सर्वांना पाणी देणारे श्री..." इथे ते थांबले. कागद चाळल्याचा आवाज आला. कुणीतरी खाकरले. कुणीतरी हळू आवाजात विचारले, नाव काय हो त्याचं? कुणाला ठाऊक नव्हते. मग चाफळकर वकील म्हणाले, "तर, सर्वप्रथम ज्यांनी ही जागा उपलब्ध करून दिली..." आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले.

अठरा वर्षे ते एका नावाशी अडत होते. दिवसातून कितीदा, याचा हिशेब मी केला नाही. वडील आत राहिले ते कुणी त्यांना डांबले म्हणून नव्हे. त्यांचे नाव विचारायचे कुणाच्या ध्यानात आले नाही, एवढेच.

मी चिठ्ठी लिहिली. पाणी देणाऱ्याचे नाव श्री. सोपान बाळा रणपिसे. दाराखालून आत सरकवली. दोन मिनिटांत ती परत आली, त्यावर लाल शाईत शेरा होता, सभासदांखेरीज इतरांचा पत्रव्यवहार विचारात घेतला जाणार नाही. अक्षर सुरेख होते.

मी चिठ्ठी हातात घेऊन उभी असताना मालन आली. ती आमची सध्याची शिपाई. तिच्या कमरेवर भरलेली कळशी होती. मला दाराशी बघून तिला आश्चर्य वाटले नाही, ती फक्त म्हणाली, "बाई, जरा सरा की. पाणी बदलायचंय."

कुठले पाणी, असे मी विचारले.

"आतलं."

ती रोज दुपारी आत जात होती. चौदा वर्षे. मी तिला विचारले की तुला आत कोण जाऊ देते.

"आम्हाला कोण आडवतंय? आम्ही आत गेलो काय आन् भायेर आलो काय, मोजतंय कोन?"

"मग मला कधी बोलली नाहीस?"

"कुनी इचारलं न्हाई." मग तिने कळशी दुसऱ्या कडेवर घेतली आणि म्हणाली, "तुमचं वडील बरं हाईत. च्यात साखर लई हुती म्हनत हुते. दोनदा म्हनाले."

आईने सांगितले होते त्यांना गोड आवडते, म्हणून इतकी वर्षे मी तीन चमचे घालत होते. मला तिथे रडू आले. मालनने थांबून वाट पाहिली. मी तिला विचारले, तू त्यांचे नाव आत का सांगत नाहीस. ती म्हणाली की पाणी ठेवणारीचे तोंड हलते ते कुणाला दिसत नाही, मागे एकदा भिंतीवर विंचू निघाला होता तो तिने ओरडून सांगितला, कुणी मान वळवली नाही, शेवटी तिनेच मारला. आणि माझे वडील का बाहेर येत नाहीत? तर त्यांना अध्यक्षांनी सांगितले आहे, सभा संपेपर्यंत हलायचे नाही. ते दिलेल्या शब्दाला पक्के आहेत.

मी तिच्याकडून कळशी घेतली. ती देईना. "बाई, तुमी वरिष्ठ लिपिक. बरं दिसतं का?" म्हणाली. बरे दिसत नव्हतेच. म्हणून तर इतक्या वर्षांत हे माझ्या डोक्यात आले नाही. मी पदर खोचला, कळशी कमरेवर घेतली, पेन ब्लाउजला अडकवले आणि दार ढकलले. त्याला कडी नव्हती.

आत सकाळचे साडेनऊ वाजले होते. ऊन कोवळे होते आणि पूर्वेच्या खिडकीतून येत होते, जी खिडकी बाहेरून विज्ञान शाखेने कधीच बुजवली आहे. गुळाचा वास अजून होता. खोली बाहेरून दिसते त्याहून बरीच लांब निघाली; चालता चालता मला दोनदा कळशी दुसऱ्या कडेवर घ्यावी लागली. जमिनीवर निळ्या पट्ट्यांची एकच अखंड सतरंजी होती आणि तिच्यावर अकरा तरुण बसले होते. तरुणच म्हणायचे. भाऊसाहेब मोकाशी चौतिशीचे असतील, नातवाचेच कान. कुणाच्या टोपीवर झेंडूची पाकळी होती ती अजून सुकली नव्हती. मी त्या सगळ्यांहून वयाने मोठी होते आणि माझ्याकडे कुणी बघितले नाही.

वडील भिंतीला लागून उभे होते. डावा हात त्यांनी छातीशी धरला होता, हाताला अंगठा नाही हे त्यांना कळलेले दिसत नव्हते. चेहऱ्याचा फोटो आमच्याकडे एकही नव्हता. मी तो विसरले होते. रोज हात बघून बघून मला वाटे की चेहरा लक्षात आहे, पण मनात धरला होता तो कुणा दुसऱ्याचाच. ते माझ्याहून ठेंगणे निघाले.

"नवीन का?" त्यांनी हलक्या आवाजात विचारले.

मी होकाराची मान हलवली. त्यांनी पुढे होऊन कळशीला हात लावला, तांब्या भरून माझ्याकडे दिला आणि वकिलांकडे बोट दाखवले. वकिलांचा घसा बसत आला होता. त्यांच्यापुढे कागद होता. आभाराची नावे ओळीने लिहिलेली, एक्कावन्न की बावन्न, आणि शेवटी 'पाणी देणारे श्री.' आणि पुढे ठिपके. मी त्यांचा पेला भरला. डाव्या हाताने भरत असताना उजव्या हाताने पेन काढले आणि ठिपक्यांवर लिहिले, सोपान बाळा रणपिसे. सेवापुस्तकाच्या पहिल्या पानावर नाव लिहायची आमची जी पद्धत आहे, तशाच वळणदार अक्षरांत. वकिलांनी माझा हात पाहिला नाही. पाणी पिऊन ते वाचत राहिले.

पावसाचे आभार झाले. "आणि सकाळपासून आपल्या सर्वांना पाणी देणारे," ते म्हणाले, आणि समोर लिहिलेले असल्यामुळे थांबले नाहीत, "श्री. सोपान बाळा रणपिसे, यांचेही मंडळ आभारी आहे."

टाळ्या झाल्या. वडिलांनी मागे वळून पाहिले, हे कोण म्हणून. मग त्यांच्या ध्यानात आले. त्यांनी दोन्ही हात जोडले आणि जोडलेल्या हातांना दहा बोटे होती.

भाऊसाहेबांनी सभा संपल्याचे जाहीर केले. त्याबरोबर बाहेरचे आवाज आत येऊ लागले, शाळेची घंटा, मोटारसायकल, मालनची कुणाशी तरी चाललेली बोलाचाली. संस्थापक उठले, पाय झटकले, एकमेकांना आपट्याची पाने दिली आणि गप्पा मारत दाराकडे निघाले. उंबऱ्याशी पोचला की एकेक जण पातळ होई, मग सपाट, मग भिंतीवरच्या तसबिरीएवढा, आणि तसाच बाहेर पडे. बाहेर काच फरशीला टेकवल्याचा आवाज येत होता. अकरा वेळा आला. कार्यवाहांचा समाधानी स्वरही ऐकू आला.

मी वडिलांना म्हटले, चला.

"सतरंजी?" ते म्हणाले. "अशीच टाकून कसं जायचं? धरा बघू ते टोक."

मी माझी दोन टोके धरली. ते त्यांची दोन टोके धरून पार लांब, खोलीच्या दुसऱ्या अंगाला उभे होते, दाराशी. एकमेकांकडे चालत आलो, त्यांनी आपली टोके माझ्या हातात दिली आणि खाली लोंबणारी घडी उचलून मागे सरले. तेव्हा दिसले की खोलीही निम्मी झाली आहे. खिडक्या चार होत्या, दोन राहिल्या. दार त्यांच्या पाठीशी तसेच होते. त्यांना यात काही वावगे वाटले नाही. मोठी सतरंजी घडी केली की जागा लागायची कमी होते, हे खरेच आहे.

पुन्हा चालत आलो. जवळून त्यांच्या अंगाला गुळाचा आणि बिडीचा वास येत होता. मला हा वास पाठ होता, हे मला त्या क्षणापर्यंत ठाऊक नव्हते.

"नाव काय बाई तुमचं?"

"रत्नमाला."

"माझ्या पोरीचं पन त्येच." ते हसले. टोके माझ्या हातात देऊन मागे सरले. एक खिडकी उरली. "सहा वर्षांची हाय. पायरीवर बसवलीय तिला. आत्ता येतो म्हनलो, आन् ही मानसं उठंनात. भूक लागली आसंल तिला."

मला सांगायचे होते. शब्द तयार होते, एक्कावन्न वर्षांचे तयार होते. पण ते ज्या तोंडाने पोरीबद्दल बोलत होते त्या तोंडाकडे बघून मला धीर होईना. मी सांगितले असते तर त्यांना ती सहा वर्षांची पोर पुन्हा कधी दिसली नसती.

"बसलीय अजून," मी म्हटले.

"बसंलच. लई शहानी हाय." त्यांनी घडी उचलली. आता सतरंजी हातभर रुंद आणि जाड झाली होती आणि खिडकी राहिली नव्हती. भिंती माझ्या दोन्ही कोपरांना लागत होत्या. उजेड येत होता तो त्यांच्या पाठीमागच्या दारातून, तेवढाच. शेवटची घडी घालायला ते इतके जवळ आले की त्यांच्या छातीतली धडधड मला सतरंजीतून कळली. त्यांनी सगळे ओझे माझ्या दोन्ही हातांवर ठेवले, कडा दाबून सारख्या केल्या आणि वर एक थाप मारली.

"एवढं धरा," ते म्हणाले. "मी पोरीला बघून येतो."

ते तिरके होऊन दारातून बाहेर गेले. मला वळायला जागा नव्हती. सतरंजी माझ्या हनुवटीला लागत होती आणि पाठीला भिंत. त्यांची पावले फरशीवरून गेली, मग मातीवरून. मग त्यांनी हाक मारली.

"रतन."

मी ओ द्यायला तोंड उघडले. त्याआधीच बाहेर पायरीवरून कुणीतरी ओ दिली.